चार मॉडेलं, एक ग्वाल्हेर: हवेच्या अभ्यासात मॉडेलांचा मेळ कसा घालावा

ग्वाल्हेरच्या हवेवर प्रकल्प घेतलेल्या विद्यार्थ्यांचे फोन मला साधारण दिवाळीनंतर सुरू होतात. कुणी जिवाजी विद्यापीठातलं असतं, कुणी माधव इन्स्टिट्यूटमधलं. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मराठी घरातलं पोर असलं तर आधी आईचा फोन येतो, मग त्याचा. प्रश्न ठरलेला: "दादा, चार मॉडेलांचं पीएम २.५ उतरवून घेतलं, चारही आकडे वेगळे. सरासरी काढून टाकू का?"

पीएम २.५ म्हणजे हवेतले अडीच मायक्रॉनपर्यंतचे बारीक कण, आणि मॉडेल म्हणजे संगणकावर हवेचा हिशोब मांडणारी प्रणाली. सरासरी लगेच नको. सरासरी काढायला पाच मिनिटं लागतात. त्याआधीचं काम काही आठवड्यांचं आहे आणि अभ्यास म्हणतात तो त्यातच असतो. ते काम कोणत्या क्रमाने करायचं आणि कुठे पाय घसरतो, ते इथे सांगतो. उदाहरणं ग्वाल्हेरची आहेत, पण इंदूर-बडोद्यालाही रीत हीच.

हाताशी काय हवं

- युरोपच्या कोपर्निकस कार्यक्रमाच्या ॲटमॉस्फिअर डेटा स्टोअरवर खातं. प्रत्येक डेटासंचाची परवान्याची खूण वेगळी करावी लागते; ती राहिली की मागणी नाकारली जाते.
- नासाचं अर्थडेटा खातं. नुसतं खातं पुरत नाही. प्रोफाइलमध्ये जाऊन गेस डिस्क या संग्रहाला परवानगी द्यावी लागते. ती दिली नाही तर फाइल उतरल्यासारखी दिसते, पण आत डेटाऐवजी लॉगिनचं पान असतं. फाइल काही केबींचीच भरली तर समजून जा.
- केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवरून घेतलेली केंद्रांची पंधरा मिनिटांची मोजमापं.
- पायथॉन, त्यात एक्सअ‍ॅरे आणि पांडाज. सोबत सीडीओ, म्हणजे हवामानाच्या फाइलींवर काम करणाऱ्या आज्ञांचा संच. विंडोजवर असाल तर डब्ल्यूएसएल (विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय) टाकून घ्या. फाइलमध्ये नजर टाकायला पॅनोप्लाय, फुकट आहे.
- एक नोंदवही. वहीच हवी असं नाही, साधी टेक्स्ट फाइल चालेल, पण पहिल्या दिवसापासून.

सगळ्या भारताचा डेटा उतरवू नका. २४ ते २८ अक्षांश आणि ७६ ते ८० रेखांश एवढा तुकडा पुरतो, साधा लॅपटॉपही तो पेलतो.

१. प्रश्न एका वाक्यात लिहा

"ग्वाल्हेरच्या हवेचा अभ्यास" हा प्रश्न नाही. "उद्या पीएम २.५ ची २४ तासांची सरासरी घनमीटरला १२० मायक्रोग्रॅमच्या वर जाईल का?" हा प्रश्न आहे. "पंधरा वर्षांत हिवाळ्यातलं पीएम २.५ वाढलं का?" हा वेगळा प्रश्न, आणि दोघांना लागणारी मॉडेलं वेगळी. पहिल्याला अंदाज देणारी लागतात, दुसऱ्याला पुनर्विश्लेषणं, म्हणजे जुन्या काळावर एकाच पद्धतीने पुन्हा चालवलेली मॉडेलं. "शहराजवळच्या बानमोरच्या कारखान्यांचा वाटा किती?" हा प्रश्न तयार फाइलींतून सुटतच नाही. त्यासाठी डब्ल्यूआरएफ-केमसारखं मॉडेल स्वतः चालवून तो स्रोत काढून आणि ठेवून फरक बघावा लागतो. नवख्याने पहिल्या वर्षी त्याच्या नादी लागू नये, हे माझं मत.

२. आधी जमिनीवरची मोजमापं साफ करा

मॉडेलांना हात लावण्याआधी सिटी सेंटर, फूलबाग, दीनदयाळ नगर आणि महाराज बाडा या केंद्रांचा डेटा घ्या आणि प्रत्येकाचा आलेख काढून डोळ्यांनी बघा. तासन्‌तास एकच आकडा चाललाय? यंत्र अडकलंय. १००० च्या जवळ येऊन आकडे थांबतात? तिथे यंत्राची मर्यादा संपली. पीएम २.५ हा पीएम १० (दहा मायक्रॉनपर्यंतचे सगळे कण) पेक्षा मोठा? दोन्ही टाका. ज्या दिवशी १६ तासांपेक्षा कमी मोजमाप आहे त्या दिवसाची सरासरी धरू नका. राष्ट्रीय वायू गुणवत्ता निर्देशांकही हाच नियम पाळतो.

केंद्र कुठे उभं आहे तेही बघा. बाड्यावर दिवसभर गाड्यांची वर्दळ, हिवाळ्यात संध्याकाळी शेकोट्या. नकाशा चाळीस-पन्नास किलोमीटरच्या चौकोनांत वाटून प्रत्येकाला एकच आकडा देणारं मॉडेल ते पकडणार नाही आणि त्याबद्दल त्याला दोष देण्यात अर्थ नाही. म्हणून एका केंद्राशी तुलना करण्यापेक्षा चारही केंद्रांचा मध्यक (आकडे क्रमाने लावून मधला) घ्या. स्वस्त सेन्सर वापरणार असाल तर धुक्याच्या दिवसांपासून जपा. दमट हवेत कण फुगतात आणि सेन्सर त्यालाच धूळ समजतो.

जाता जाता एक. २०१६ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत ग्वाल्हेर इराणच्या झाबोलनंतर दुसऱ्या क्रमांकावर छापून आलं, वार्षिक सरासरी १७६ मायक्रोग्रॅम. तो आकडा आजही घराघरांत ऐकू येतो. मॉडेलाची कसोटी म्हणून मात्र तो वापरू नका. तुमचा काळ वेगळा, केंद्रंही वेगळी.

३. मॉडेलांचं गोत्र तपासा

नवखे इथेच सर्वात जास्त फसतात, म्हणून जरा थांबतो.

चार मॉडेलं एकच सांगतायत म्हणजे ते खरं असणार, असं आपल्याला वाटतं. ते चौघं एकमेकांना अनोळखी असतील तरच हे बरोबर. हवेच्या मॉडेलांत तसं क्वचितच असतं. लग्न जुळवताना गोत्र बघतात तसं इथे चार गोष्टी बघायच्या: वारा आणि तापमान कुठून घेतलं, उत्सर्जनाची यादी (कुठून किती धूर-वायू सुटतो ती) कुणाची, आगींचा हिशोब कुणाचा, आणि रसायनात कोणते घटक आहेत.

हाताशी सहज येणारी चार घ्या. मेरा-२ हे पुनर्विश्लेषण आणि जिऑस-सीएफ हा अंदाज, ही नासाची. दोघांच्या मागे जिऑस हेच वातावरण-मॉडेल, आगींचा हिशोबही क्यूफेड या एकाच पद्धतीचा. कॅम्सचा (कोपर्निकसच्या वातावरण सेवेचा) रोजचा अंदाज आणि ईएसी४ हे पुनर्विश्लेषण ही युरोपीय हवामान केंद्राची. दोघांच्या मागे आयएफएस हे त्या केंद्राचं वातावरण-मॉडेल, आगींसाठी जीफास ही पद्धत. म्हणजे नावं चार, घराणी दोन. फिनलंडचं सिलाम पाचवं म्हणून घेतलंत तरी त्याला वारा युरोपीय केंद्राकडूनच मिळतो. आगी आणि रसायन तेवढं त्याचं स्वतःचं. तुम्ही स्वतः डब्ल्यूआरएफ-केम चालवलंत आणि आपल्या तुकड्याच्या सीमेवरून आत येणारी हवा कॅम्सकडून घेतलीत, तर तेही अर्धं त्याच घरचं झालं.

आता रसायन बघा. मेरा-२ मध्ये धूळ, समुद्री मीठ, काळा कार्बन, सेंद्रिय कार्बन आणि सल्फेट आहेत. नायट्रेट नाही. ईएसी४ मध्येही नाही. कॅम्सच्या रोजच्या अंदाजात नायट्रेट आणि अमोनियम जुलै २०१९ मध्ये आले. जिऑस-सीएफमध्ये जिऑस-केमचं पूर्ण रसायन आहे, त्यामुळे नायट्रेट आहे, उलट ते जास्तच दाखवण्याकडे त्याचा कल असतो.

ग्वाल्हेरला याने का फरक पडतो? आपण गंगेच्या मैदानाच्या काठावर बसलोय. उत्तरेकडच्या शेतांतून आणि गुराढोरांपासून अमोनिया येतो, गाड्या आणि वीजकेंद्रांतून नायट्रोजनचे ऑक्साइड. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत आणि ओलाव्यात त्यांचं अमोनियम नायट्रेट होऊन कणांत बसतं. उन्हाळ्यात ते पुन्हा वायू होतं. म्हणजे मे महिन्यात मेरा-२ ठीक वाटेल, कारण तेव्हा राजस्थानकडून येणाऱ्या धुळीचं राज्य असतं, आणि जानेवारीत तेच मॉडेल सपशेल कमी पडेल.

समजा जानेवारीतल्या एका दिवशी केंद्रांचा मध्यक १४० आहे. मेरा-२ म्हणतं ६०, ईएसी४ म्हणतं ७०, कॅम्स १३०, जिऑस-सीएफ १५०. चौघांची सरासरी १०२.५. हा आकडा चौघांपैकी कुणीच सांगितलेला नाही, आणि निर्देशांकात दिवस 'अतिशय खराब' वरून 'खराब' वर येतो. इथे दोन कमी आकडे ही दोन स्वतंत्र मतं नाहीत. दोघांत एकच घटक गायब आहे. वाऱ्यापुरतं बघितलं तर घराणी नासा आणि युरोप अशी पडतात, पण हिवाळ्यातल्या पीएम २.५ साठी नायट्रेट असलेली आणि नसलेली अशी पडतात. गोत्र प्रश्नागणिक बदलतं, म्हणून हा तक्ता प्रत्येक प्रश्नासाठी नव्याने करायचा.

आणखी एक नातं लपलेलं असतं. मेरा-२ आणि ईएसी४ दोन्ही उपग्रहावरच्या मोडिस या उपकरणाने मोजलेली हवेची धूसरता आत घेतात. पण दाट धुक्याच्या किंवा ढगाळ दिवशी मोडिसला खालचं काहीच दिसत नाही. ज्या दिवसांची आपल्याला सर्वात जास्त काळजी, त्याच दिवशी हा आधार सुटतो, आणि दोन्ही मॉडेलांचा एकदम.

४. 'ग्वाल्हेर' म्हणजे कुठला चौकोन?

शहर साधारण २६.२२ अक्षांश, ७८.१८ रेखांशावर आहे. पायथॉनमध्ये 'जवळचा बिंदू' मागितला की प्रत्येक मॉडेल काहीतरी देतं. काय देतं ते कागदावर काढून बघा.

मेरा-२ ची जाळी अक्षांशात ०.५ आणि रेखांशात ०.६२५ अंशांची. जवळचा बिंदू २६.० आणि ७८.१२५. त्याचा चौकोन २५.७५ पासून २६.२५ पर्यंत. म्हणजे आपलं शहर चौकोनाच्या अगदी वरच्या कडेला. खाली डबरा आत येतं, पण वर महाराजपुऱ्याचा विमानतळ आणि बानमोर बाहेर राहतात. ईएसी४ ची जाळी ०.७५ ची. तिथे बिंदू २६.२५ आणि ७८.०, चौकोन २५.८७५ ते २६.६२५. यात बानमोर आलं आणि मुरैनाही आलं. कॅम्सचा अंदाज ०.४ अंशांवर मिळतो. तिथे शहर २६.० आणि २६.४ च्या जवळजवळ मध्यावर पडतं. तुम्ही केंद्राचे अक्षांश-रेखांश थोडे इकडेतिकडे लिहिलेत की 'जवळचा बिंदू' उडी मारून दुसरीकडे जातो.

म्हणून जवळचा बिंदू घेऊ नका. एक समान चौकोन ठरवा, समजा शहराभोवती ०.७५ अंशांचा, आणि प्रत्येक मॉडेल त्यावर आणा. सीडीओमधली रिमॅपकॉन ही आज्ञा क्षेत्रफळाच्या हिशोबाने हे करते. जाड जाळीवरून बारीक जाळीवर नेल्याने नकाशा गुळगुळीत दिसतो, माहिती वाढत नाही. किल्ल्याचा डोंगर यांपैकी एकाही जाळीला दिसत नाही, आणि त्याच्या पायथ्याशी हवा कशी तुंबते हे या मॉडेलांकडून समजणार नाही.

५. घड्याळ, एकक, व्याख्या

मॉडेलं जागतिक वेळेवर चालतात, आपण साडेपाच तास पुढे. ती अर्ध्या तासाची शेपटी त्रास देते. मेरा-२ चा ००:३० असा शिक्का असलेला आकडा म्हणजे ०० ते ०१ या तासाची सरासरी, आपल्याकडे सकाळी ५:३० ते ६:३०. मंडळाच्या तासाच्या डेटाशी हे जुळतच नाही. म्हणूनच वर पंधरा मिनिटांची मोजमापं घ्यायला सांगितलं: त्यांतून ५:३० ते ६:३० ची सरासरी तुम्ही स्वतः बनवू शकता. सकाळच्या त्या वेळी हवेचा खालचा थर तासाभरात बदलतो, तेव्हा अर्धा तास कमी नाही. ईएसी४ दर तीन तासांनी त्या क्षणाचा आकडा देतं, सरासरी नाही. दिवसाची सरासरी काढताना भारतीय मध्यरात्र जागतिक वेळेत आदल्या दिवसाच्या १८:३० ला येते, हेही धरा.

एकक: कॅम्स पीएम आणि मेरा-२ त्याचे घटक किलोग्रॅम प्रति घनमीटरमध्ये देतात, मायक्रोग्रॅमसाठी १०⁹ ने गुणा. कॅम्सचे वायू बहुधा दर किलोग्रॅम हवेत किती किलोग्रॅम असे असतात, त्यांना हवेची घनता लागते.

व्याख्या: मेरा-२ मध्ये पीएम २.५ तयार मिळत नाही, घटक जोडून करावं लागतं. सल्फेटला अमोनियमसकट धरण्यासाठी १.३७५ ने गुणायचं असतं, हे हमखास राहतं. जिऑस-सीएफचं पीएम २.५ ३५ टक्के आर्द्रतेवरचं आहे.

६. प्रत्येकाची वेगळी परीक्षा

एकत्र करण्याआधी प्रत्येक मॉडेल एकटं तपासा. कल, म्हणजे सरासरी किती वर-खाली, सहसंबंध, वर्गमूळ-सरासरी-वर्ग चूक, आणि मोजमापाच्या अर्धा ते दुप्पट या पट्ट्यात किती दिवस पडले. हे वर्षाचं एकत्र काढून थांबू नका. हिवाळा, उन्हाळा, पावसाळा, शरद असे चार भाग, त्यांत दिवस आणि रात्र वेगळी. उन्हाळ्यात धूळ जास्त आणि हिवाळ्यात नायट्रेट कमी, असं मॉडेल वर्षाच्या सरासरीत एकदम गुणी दिसतं.

७. आधी दुरुस्ती, मग मेळ

ऋतूनुसार प्रत्येक मॉडेलाचा कल काढून टाका. पीएमचे आकडे एका बाजूला लांब पसरलेले असतात, तेव्हा लॉगरिदम घेऊन काम करणं बरं.

यातला सापळा तपासणीचा आहे. सगळे दिवस मिसळून त्यांतले वीस टक्के यादृच्छिक निवडून तपासलंत, तर निकाल झकास येईल आणि तो खोटा असेल. प्रदूषणाचा एक दौर चार-सहा दिवस चालतो. मंगळवार शिकवण्यात आणि बुधवार तपासणीत गेला की मॉडेलाला उत्तर आधीच माहीत असतं. म्हणून सलग महिने, शक्य तर पूर्ण हिवाळा बाजूला ठेवा. मशीन लर्निंग वापरत असाल तर दुप्पट जपा. आणि ज्या मॉडेलाला कॅम्स इनपुट म्हणून दिलंत, त्याला कॅम्सशेजारी स्वतंत्र मत म्हणून बसवू नका.

मेळ घालायचा तो असा: आधी घराण्यात सरासरी, मग घराण्यांची सरासरी. किंवा सरळ मध्यक. युरोपसाठी कॅम्स अकरा प्रादेशिक मॉडेलांचा मध्यकच देतं. वजनं लावायचा मोह होईल. दोन हिवाळ्यांच्या डेटावर चार वजनं बसवली तर जवळची नाती असलेल्या मॉडेलांपैकी एकाला मोठं अधिक आणि दुसऱ्याला उणे वजन मिळतं, आणि पुढच्या वर्षी सगळं कोसळतं. वजनं लावायचीच तर उणे होऊ देऊ नका, आणि बाजूला ठेवलेल्या हिवाळ्यात ती साध्या मध्यकाला हरवत नसतील तर सोडून द्या. माझा अनुभव असा की बहुतेकदा हरवत नाहीत, पण प्रबंधात वजनांचा तक्ता भारदस्त दिसतो म्हणून ठेवला जातो.

एखाद्या दिवशी एक मॉडेल उपलब्ध नसेल तर मेळाची पातळी अचानक हलते. कल आधी काढलेला असला तर ही उडी लहान राहते. तरी किती मॉडेलं होती हा रकाना शेजारी ठेवाच.

८. मॉडेलांतला फैलाव म्हणजे अनिश्चितता नाही

चार मॉडेलं १२० ते १३० मध्ये आहेत, म्हणजे अनिश्चितता दहाची, असं लिहिलेलं मी वाचलंय. एका घरच्यांचं एकमत आहे ते, अनिश्चितता नाही. तपासायची पद्धत सोपी: रोज मॉडेलांचे आकडे चढत्या क्रमाने लावा आणि मोजमाप कितव्या जागी बसतं ते मोजा. वर्षभरात सगळ्या जागांवर साधारण सारखे दिवस आले तर फैलाव ठीक. मोजमाप सतत सगळ्यांच्या वर बसत असेल तर सगळीच मॉडेलं कमी सांगतायत. दोन्ही टोकांना गर्दी असेल तर फैलाव अपुरा आहे. तुम्ही ८० टक्क्यांचा पट्टा देत असाल तर बाजूला ठेवलेल्या दिवसांपैकी ८० टक्क्यांच्या जवळपास दिवस त्यात पडले पाहिजेत. नाही पडले तर पट्टा रुंद करा, मग तो कितीही कुरूप दिसो.

९. नोंदवही

डेटा कोणत्या तारखेला उतरवला, कोणती आवृत्ती, कोणता चौकोन, कोणते दिवस टाकले आणि का. कॅम्सच्या रोजच्या अंदाजांची जुनी मालिका म्हणजे एक मॉडेल नाही, कारण मध्ये आवृत्त्या बदलत गेल्या. जुलै २०१९ च्या आधीचं आणि नंतरचं जोडून "ग्वाल्हेरचं पीएम २.५ वाढलं" असा निष्कर्ष काढलात तर त्यात नायट्रेट घालण्याचा निर्णयच दिसेल. वर्षांगणिक वाढ-घट बघायला पुनर्विश्लेषण घ्या. त्यातही कोणता घटक नाही ते आलेखाखालच्या ओळीतच लिहा. परिशिष्टात टाकलेलं परीक्षक वाचत नाहीत, आणि वर्तमानपत्रवाला तर नाहीच.